घोडबंदर रोडवरच्या सिस्टर मावशींस

आदरणीय मावशी,
सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी घोडबंदर रोडवरील एका नव्या इमारतीत काच बसवताना माझ्या बाबांचा हात कापला, तेव्हा शेजारच्या सोसायटीतून आपण धावत आलात. आपण निवृत्त परिचारिका आहात एवढेच कळले. नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

10 मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला 25 किलो भरते. तशी 75 किलोची काच दोघांनी नुसत्या हातांनी उचलली होती, कारण काचेला चिकटवून ती उचलायचे व्हॅक्यूमचे कप ‘दुसऱ्या साइटवर’ होते आणि हातमोजे होते ते सुती. टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच फुटली तर तिचे बारीक दाणे होतात. ही साधी काच होती, तिचे लांब, अणकुचीदार तुकडे झाले आणि त्यांतला एक बाबांच्या डाव्या तळहातात रुतला. ठेकेदाराच्या माणसाने प्रथम विचारले, ‘काच केवढ्याची होती?’ कामगारांना नुकसानभरपाईचा कायदेशीर हक्क 1923 पासून आहे; या गृहस्थांचा हिशेब मात्र रिक्षाच्या भाड्यापाशीच संपला.

एक जण तुकडा उपटायला सरसावला, तेव्हा ‘हात लावू नका, त्यानेच रक्त अडवून धरलंय’ असे दरडावून आपण तुकड्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्या ठेवल्यात आणि हात बांधलात. तेच योग्य होते, असे नंतर डॉक्टरही म्हणाले. बाबा मात्र आल्यागेल्याला सांगतात ते अंगठीचे. सूज चढली की ती कापावी लागेल, म्हणून आपण तेलाचे बोट लावून त्यांची लग्नातली अंगठी फिरवत फिरवत काढलीत, स्वतःच्या रुमालाच्या टोकाला गाठ मारून त्यांच्या खिशात ठेवलीत आणि म्हणालात, ‘दादा, ही वहिनींच्याच हातात द्या.’ त्या गर्दीत या माणसाला घर आहे, संसार आहे, हे फक्त आपल्या लक्षात आले. ओळखपाळख नसताना असे वागणारी माणसे आहेत, म्हणून तर या शहरात आमच्यासारख्यांचा निभाव लागतो.

दोन बोटांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडांना जोडणारे दोर, जोडाव्या लागल्या. आता मूठ वळते. कप असल्याशिवाय मोठ्या काचेला हात लावायचा नाही, असे बाबांनी नव्या ठेकेदाराला पहिल्याच दिवशी सांगितले.

आपला रुमाल आईने धुऊन ठेवला आहे. तो घेऊन आम्ही तिघे येत्या रविवारी सोसायटीच्या गेटवर येऊ. वॉचमनकाकांना तेवढे सांगून ठेवावे.

आपली कृतज्ञ,
एका काच-फिटरची मुलगी
वागळे इस्टेट, ठाणे