पद्मिनीच्या सायलेन्सरवाल्या वस्तादांना

वस्ताद, सप्रेम नमस्कार.

गाडी नेली त्या संध्याकाळी घाईत होतो. पैसे हातात ठेवले आणि निघालो, दोन शब्द बोलायचे राहून गेले. ते मनाला लागलंय, म्हणून हे पत्र, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून असं उघड.

दादांची प्रीमियर पद्मिनी तुमच्या दारात आली तेव्हा तिचा आवाज गल्लीला नकोसा झाला होता. आधी एका दुकानात सरळ नळीचा सायलेन्सर बसवून घेतला होता, आत नुसती जाळी आणि भोवती काचेची लोकर. पन्नास-पंचावन्नचा वेग धरला की गाडीत असं घुमायचं, की पुढे बसलेल्या दादांचं बोलणं मागे आईला ऐकू जाईना. ८१ वर्षांचे दादा. त्यांनी गाडीत बसणंच सोडलं.

मी म्हणालो, दोन इंची पाइप टाका. तुम्ही हो-नाही काहीच बोलला नाहीत. डिकीत पडलेला सायलेन्सरचा जुना मूळचा डबा काढलात आणि ग्राइंडरने उभा चिरलात. ओंजळभर तांबूस गंज खाली सांडला. आत कप्पे, मध्ये आडव्या भिंती, काही तर कुरतडल्यासारख्या. "आवाज हितं आपटून उलटा फिरतो आणि मागनं येणाऱ्या आवाजालाच मारतो. लोकर चिरका आवाज पिते, घुमणारा सोडून देते." मग पाइपचं. १०८९ सीसीचं इंजिन, त्याला रुंद पाइप दिला तर धुराचा वेग पडतो आणि इंजिन हळू फिरत असताना गाडीची ओढ जाते. दीड इंचीच ठेवलात. मोठ्या कामाचे जास्त पैसे मिळत होते, ते तुम्ही सोडलेत.

डबा का सडला तेही तुम्हीच सांगितलंत. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. गाडी मंडईपर्यंत जाऊन परत आली तर डबा पुरता तापतच नाही, पाणी आतच साठतं. म्हणून नव्या डब्याला सगळ्यात खालच्या जागी बारीक भोक पाडलंत.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते पुढचं. बॅटरीची वायर काढून आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारलेत. मग शेजारच्या गॅरेजमधली चार पोरं बोलावून गाडीत बसवलीत, आणि स्वतः पाठीवर झोपून टॉर्च मारत पाहिलंत, स्प्रिंगचे पाटे दबल्यावर मागचा एक्सल पाइपला कुठे टेकतो का. टेकत होता. टाके तोडलेत, पाइप बोटभर सरकवलात, पोरांना पुन्हा बसवलंत. नवे रबर हँगर लावलेत. धूर आत येऊ नये म्हणून पाइपची शेपटी बंपरच्या बाहेर काढलीत. पुरतं वेल्डिंग त्यानंतर. हे काम कुणाला वरून दिसत नाही, बिलातही त्याची ओळ नव्हती.

परवा गगनबावड्याला गेलो. दादा पुढे, आई मागे. साळवणच्या पुढे दादा शेतं दाखवत एक जुनी गोष्ट सांगायला लागले, आणि आईने मागून त्यांना गावाचं नाव दुरुस्त करून दिलं. मी गाडी हळू केली नाही, काचा लावल्या नाहीत. तरी दोघांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

वस्ताद, मनापासून आभार. रविवारी दुपारी जेवायला या. तांबडा-पांढरा आई स्वतः करते, आणि तुम्हाला न्यायला पद्मिनीच घेऊन येतो, दादा म्हणालेत.

तुमचा,
पद्मिनीवाला