पांढऱ्या पट्ट्यांमागच्या हातांचे आभार

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटरची ॲपलाचियन ट्रेल ही डोंगरातली पायवाट चालण्याजोगी ठेवणाऱ्या सगळ्या क्लबांच्या स्वयंसेवकांनो, मनापासून आभार.

पहिला मान पाणी काढून देणाऱ्यांचा. वाटेचा खरा वैरी पाऊस. उतरत्या वाटेलाच तो ओढा करतो आणि माती घेऊन जातो. म्हणून तुम्ही वाटेत तिरका दगड किंवा ओंडका पुरता. काटकोनात टाकला तर मागे गाळ साचून पाणी वरून उडी मारतं. ४५ अंशांच्या आसपास बसवला आणि खालच्या टोकाला मोकळा चर ठेवला, तर ते बाजूला निघून जातं. तरी पाचोळ्याने चर बुजतोच. तो पुन्हा पुन्हा उपसणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचं. फोटो मात्र नव्या पुलांचेच निघतात!

वाट दाखवायला झाडांवर २ बाय ६ इंचांचे पांढरे पट्टे रंगवणाऱ्यांचेही आभार. फक्त सुटी साल खरवडायची, आतल्या जिवंत सालीला धक्का नाही, रंगाचा ओघळ नाही. वळणाआधी एकावर एक दोन पट्टे.

आणि करवतवाले! सप्टेंबर २०२४ मधल्या हेलीन वादळाने दक्षिणेकडे असंख्य झाडं वाटेवर आडवी केली. संरक्षित रानांत एरवी मोटरची करवत चालत नाही, तिथे दोघांनी ओढायची करवत. वाकून ताणलेलं खोड आधी दाबाच्या (बाकाच्या आतल्या) बाजूने थोडं, मग ताणाच्या (बाहेरच्या) बाजूने कापायचं. उलट केलं की खोड फाटून उसळतं.