आबांचं मनगट आणि कॅडिलॅकचा स्टार्टर

कॅलमझू, मिशिगन
रविवार, रात्री

प्रिय सुऱ्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. उत्तर मात्र पत्रानंच देतोय, दोन मिनिटांत मावणारं नाही. काल इथून जवळच हिकरी कॉर्नर्सला गिलमोर म्युझियम बघून आलो. जुनी लाकडी कोठारं आणि आत नुसत्या गाड्या. तू असतास तर लेका, तुला ओढून बाहेर काढावं लागलं असतं. मी एकटाच फिरत होतो आणि दिवसभर डोळ्यांपुढे होते कारखान्याची जीप चालवणारे तुझे आबा.

झालं असं, की एका पिअर्स-ॲरोपुढे थांबलो. शंभरेक वर्षांपूर्वीची लिमोझिन. मागे मालकाची खोली: काचा, पडदे, मऊ गादी. पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर नावाला छप्पर, बाजूला काहीच नाही. ही गाडी बनायची बफेलोत, आणि बफेलोचा बर्फ म्हणजे काय ते मी एकदा भोगलंय. मालक उबेत, शोफर उघड्यावर, हुकूम द्यायला मधे बोलायची नळी. आणि स्टिअरिंग चक्क आपल्यासारखं उजवीकडे! इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणजे शोफर थेट फुटपाथवर उतरणार आणि मालकाचं दार उघडणार. फोर्डनं 1908 मध्येच मॉडेल टीला डावं स्टिअरिंग दिलं, कॅडिलॅकनं 1915 च्या मॉडेलला. पिअर्स-ॲरो मात्र 1920 पर्यंत अडून बसली. आपलं गिऱ्हाईक स्वतः गाडी चालवेल, हे त्यांच्या हिशेबातच नसावं.

त्यांचं '66' नावाचं मॉडेल ऐक. सहा सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) 5 इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 7 इंच, एकूण साडेतेरा लिटर. मी तिथेच मोबाईलवर भागाकार केला: एक सिलिंडर सव्वादोन लिटरचा. कारखान्याच्या जीपचं अख्खं इंजिन त्या एका भोकात! आणि असलं धूड हँडल मारून चालू करायचं. आधी स्टिअरिंगवरची कांडी मागे घेऊन स्पार्क रिटार्ड करायचा, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं करायचं. विसरलास तर पिस्टन वर पोचायच्या आधीच स्पार्क पडणार, इंजिन उलटं फिरणार आणि हँडल मनगटावर. तुला वेगळं काय सांगू? आबा आपल्याला दरडावून सांगायचे ना, "अंगठा बोटांच्या बाजूला ठेव, वेढा घालू नको." ते म्हणणाऱ्या आबांचाच हात मोडला, आणि तोही 1986 साली, बॅटरी बसलेल्या जीपवर.

ही कटकट संपवली कॅडिलॅकनं, 1912 च्या मॉडेलला इलेक्ट्रिक स्टार्टर बसवून. तो बनवणारा ओहायोतल्या डेटनचा चार्ल्स केटरिंग. त्याची अक्कल बघ. लोक म्हणत होते, इंजिन फिरवायचं तर मोटर आणि बॅटरी एवढी मोठी लागेल की गाडीत दुसरं काही मावणार नाही. पण हा गडी आधी गल्ल्याच्या मशिनला मोटर बसवून आला होता. त्याला ठाऊक होतं, की काम चार सेकंदांचंच असेल तर लहान मोटरवर पेलवेल त्याहून जास्त भार टाकता येतो, ती तापायच्या आत काम संपलेलं असतं. वर आणखी एक युक्ती: इंजिन चालू झालं की तीच मोटर डायनॅमो होऊन बॅटरी चार्ज करायची. म्हणजे स्टार्टर, इग्निशन आणि दिवे, तिन्ही एकाच फटक्यात. रात्री काडी ओढून कार्बाइडच्या गॅसचे दिवे पेटवणं बंद.

गंमत म्हणजे तोवर हँडल नको म्हणून शहरातल्या श्रीमंत बायका बॅटरीवरच्या गाड्या चालवायच्या. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची! स्टार्टर आला आणि त्या गाड्यांचा मोठाच आधार गेला.

दिवे विजेचे झाल्यावर पिअर्स-ॲरोनं ते मडगार्डमध्येच ओतून बसवले. बेडकाच्या डोळ्यांसारखे दिसतात. मला नाही आवडले, तुला आवडतील.

इंजिनांचं थोडक्यात सांगतो. 1914 च्या शेवटी कॅडिलॅकचं 70 हॉर्सपॉवरचं आठ सिलिंडरचं व्ही-8 आलं, पाठोपाठ 1915 मध्ये पॅकार्डचं बारा सिलिंडरचं ट्विन सिक्स. लोक वेगाचं कौतुक करतात. मला वाटतं खरी मजा टॉप गिअरमध्ये होती: गाडी माणसाच्या चालीनं रांगली तरी इंजिन गचके खात नाही, म्हणजे गिअर बदलायलाच नको. कारण गिअर बदलणं म्हणजे डबल क्लच, दर वेळी क्लच दोनदा दाबायचा, आणि ते जमायला हाडाचा ड्रायव्हर लागायचा. 1929 च्या मॉडेलला कॅडिलॅकनं सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणारा गिअरबॉक्स, दिला आणि तेही कसब गेलं.

बघ आता. हँडल गेलं, दिवे पेटवणं गेलं, डबल क्लच गेला. जाहिरातीत सगळं मालकाच्या सुखाचं. मला मात्र प्रत्येक सुधारणेत त्या उघड्यावर बसलेल्या शोफरचं एकेक काम काढून घेतलेलं दिसत होतं. आणि पुढच्या सीटला दारं-काचा आल्या त्या बहुतेक मालक स्वतः तिथे येऊन बसला तेव्हाच!

तुमच्या गॅरेजच्या पेंटरलाही एक सांग. तो ज्याला 'ड्युको' म्हणतो ना, ते ड्युपाँट कंपनीच्या रंगाचं नाव. 1923 मध्ये ओकलंड गाडीवर पहिल्यांदा मारला. त्याआधी व्हार्निशचे थर वाळायला आठवडेच्या आठवडे जायचे. तुझा पेंटर तेवढाच वेळ लावतो, तो भाग वेगळा.

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर ते हँडल अजून टांगलेलं आहे का? फोटो पाठव. आणि आबा चहाचा कप अजून डाव्या हातानंच धरतात का रे?

तुझा,
विन्या