हीट पंपाची सूट: जाहिरातीतली आणि हातात पडणारी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘अमेरिकेत सरकार हीट पंप जवळजवळ फुकट बसवून देते’ हे वाक्य इथल्या मराठी मंडळींकडून इतक्यांदा ऐकले, की एकदाचे लिहूनच टाकावे म्हटले. हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत आणून घर तापवणारे यंत्र. आपला ई-पेपर वाचणारे बरेच जण माझ्यासारखेच थंडीच्या राज्यांत घर घेऊन बसले आहेत आणि घर तापवणारी तेलाची किंवा गॅसची जुनी भट्टी काढून हीट पंप बसवावा का, या विचारात आहेत.

ज्या केंद्रीय करसवलतीच्या भरवशावर अजूनही हिशेब मांडले जातात, ती संपली आहे. २०२२ च्या कायद्याने खर्चाच्या ३० टक्के, पण कमाल २,००० डॉलर एवढी सवलत मिळत असे. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या नव्या कायद्याने ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसवून झालेल्या यंत्रांपुरतीच ठेवली. तीही कधी रोख नव्हतीच. जेवढा कर लागू असेल त्यातूनच वजा व्हायची, आणि कर कमी बसला तर उरलेली सवलत पुढच्या वर्षी वापरता येत नसे. गरज ज्याची जास्त, त्याच्या पदरात कमी.

त्याच २०२२ च्या कायद्यातली दुसरी योजना जास्त विचाराने आखलेली आहे. हीट पंपासाठी ८,००० डॉलरपर्यंत सूट, तीही थेट बिलातून वळती. कुटुंबाचे उत्पन्न त्या भागातल्या मध्यक उत्पन्नाच्या ८० टक्क्यांहून कमी असेल तर त्या मर्यादेत सगळा खर्च, ८० ते १५० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर निम्मा, त्याच्यावर शून्य. नवरा-बायको दोघे नोकरीत असलेली आपली बहुतेक घरे इथेच बाद होतात, ते ठीकच. पण राबवायचे काम राज्यांकडे असल्याने एका राज्यात खिडकी उघडी, तर दुसरीकडे निधी संपला म्हणून बंद.

राहता राहिली वीज-गॅस कंपन्यांची सूट. ही कंपनीची मेहेरबानी नव्हे. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये ऊर्जाबचतीच्या नावाने बिलात जो आकार दर महिन्याला लागतो, मुख्यतः त्यातूनच हा पैसा येतो. तो आकार भाडेकरूही भरतो, मात्र भट्टी बदलायची की नाही हे ठरवतो घरमालक, आणि गरम करण्याचे बिल भाडेकरूच भरणार असेल तर मालकाला घाई कसली? या मुद्द्यावर कोणी फारसे बोलत नाही.

घर स्वतःचे असले तरी क्रम चुकवून चालत नाही. ‘मास सेव्ह’ या आमच्या राज्यातल्या वीज-गॅस कंपन्यांच्या सामायिक योजनेत पूर्ण घर हीट पंपावर तापवण्याची सूट हवी तर आधी ऊर्जा तपासणी, मग पोटमाळ्याला आणि भिंतींना पुरेसे इन्सुलेशन, फटी बुजवणे, आणि शेवटी यादीतलाच कंत्राटदार नि यादीतलेच यंत्र. यंत्र म्हणजे नुसते अंगणातले युनिट नाही. बाहेरचे आणि आतले मिळून जी जोडी होते, तिला एएचआरआय या यंत्र-उत्पादकांच्या संघटनेचा प्रमाणन क्रमांक असतो. माझ्या शेजाऱ्यांच्या पावतीवर कंत्राटदाराने मॉडेल क्रमांकातले शेवटचे अक्षर गाळले. जोडी यादीशी जुळेना, अर्ज परत. यंत्र भिंतीवर सुरळीत चालू, कंत्राटदाराचे पैसे चुकते झालेले आणि सूट मात्र अधांतरी! ज्यांच्याकडे हजारो डॉलर महिनोन्महिने अडकवून ठेवायची ऐपत नाही, त्यांनी काय करायचे? बिनव्याजी कर्जाची सोय आहे, पण कर्ज ते कर्जच.

एवढे असूनही मी हीट पंपाच्या विरोधात नाही. थंड हवामानासाठी बनवलेली मॉडेल्स शून्याच्या बरीच खाली चांगली चालतात. माझा राग आहे तो ‘सूट वजा जाता’ म्हणून ठळक छापलेल्या किमतीवर. कोटेशन हातात आले की पूर्ण किंमत किती, सूट कोणाच्या नावावर येणार आणि अर्ज फेटाळला तर फरक कोण सोसणार, हे लेखी मागावे. घराला लागणाऱ्या उष्णतेचा हिशेब खोलीगणिक केला आहे का, तेही विचारावे. जुन्या भट्टीच्या आकारावरून अंदाजे यंत्र ठोकून देणारे पुष्कळ आहेत.

ग्राहकांच्याच पैशातून चालणाऱ्या या योजनांनी सूट परस्पर कंत्राटदाराला द्यावी, आणि किती अर्ज कोणत्या कारणाने परत पाठवले याचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत. आकार न चुकता वसूल होतो, तेव्हा एवढी अपेक्षा वावगी नसावी.

आपला,
एक वाचक, बोस्टन परिसर