डोंगरातला सायकल रूट छापताना एवढं तरी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला माउंटन बाइकिंगवरचा लेख वाचला, फोटो झकासच आहेत, पण रूटची माहिती म्हणून खाली जे दिलंय ते एवढंच की अंतर ३२ किमी, चढाई ९०० मीटर आणि जीपीएक्स फाइल (कुणीतरी गेलेल्या वाटेची जीपीएस नोंद) डाउनलोड करा. एवढ्या भांडवलावर कोणी आडबाजूच्या डोंगरात शिरलं तर काय होतं ते मी भोगलंय, म्हणून लिहितोय.

अशीच कुणाची तरी फाइल फोनमध्ये टाकून मी निघालो होतो. सुरुवातीला कच्चा रस्ता, मग छान पायवाट, आणि धारेवर पोचलो तर स्क्रीनवर जांभळी रेघ सरळ पुढे जातेय आणि डोळ्यासमोर छातीएवढं गवत, वाट बिट काही नाही. तरी घुसलो. गवताच्या पाती मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांत, जाऊन त्यांना दोरीसारखा पीळ बसला, चेन हलेना, शेवटी खाली बसून किल्लीच्या टोकाने एकेक पात उकरून काढली. तो दीड किमीचा टप्पा सायकल खांद्यावर घेऊन दोन तासांत संपला. घरी येऊन फाइल नीट उघडली तर त्या पठ्ठ्याचाही तिथला स्पीड ताशी दोनच किमी! म्हणजे तोही खांद्यावर घेऊनच गेला होता, फक्त सांगितलं नव्हतं. तेव्हापासून कुठलीही फाइल आली की मी आधी स्पीडचा ग्राफ बघतो आणि मग तारीख बघतो, कारण पावसाआधीची वाट आणि पावसानंतरची वाट या दोन वेगळ्या वाटा असतात.

खरं काम नकाशावर होतं, आणि तेही कॉन्टूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघून. वाट कॉन्टूरच्या रेषांना आडवी काटत सरळ वर जात असेल तर ती सायकलची नाही, पाणी तिच्यातूनच खाली येतं, माती वाहून जाते आणि उरतो तो सुट्या दगडमातीचा घसारा. ट्रेल बांधणाऱ्यांचा एक ढोबळ नियम आहे की वाटेचा चढ हा डोंगरउताराच्या निम्म्याहून कमी हवा, नाहीतर पाणी वाट ओलांडून जायच्या ऐवजी वाटेनेच धावतं. म्हणून मी कॉन्टूरला तिरक्या जाणाऱ्या वाटा शोधतो. ओझ्याची जनावरं ज्या वाटांनी खिंडीतून पलीकडे जायची त्या बहुतेक अशाच असतात, लादलेलं जनावर उभ्या चढाला जात नाही हो, आणि त्याला जमलेला चढ आपल्यालाही बऱ्यापैकी जमतो. हिशोब सोपा आहे, दोन कॉन्टूरमध्ये २० मीटर उंचीचा फरक असेल आणि एक किमीत पाच रेषा ओलांडल्या तर १०० मीटर चढ, म्हणजे दहा टक्के. दहा रेषा आल्या की वीस टक्के, तिथे दगड सुटे असतील तर बहुतेक जण उतरून ढकलतातच.

ढोरवाटांपासून मात्र सांभाळून. सॅटेलाइट फोटोत त्या अगदी ठळक दिसतात, पण चरायला पांगलेल्या जनावरांना कुठे पोचायचं नसतं, त्यामुळे सोंडेवर फाटत फाटत जातात आणि मध्येच विरतात. हीटमॅपवरही (लोक कुठून जास्त गेले ते रंगाने दाखवणारा नकाशा) डोळे मिटून विश्वास नको, पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलचा लेयर वेगळा लावून बघा, फरक कळेल. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच भरलेल्या मोफत नकाशावर, वाटेला सायकलच्या अवघडपणाचा ० ते ६ असा ग्रेड देता येतो, पण तो लोकांनी भरायचा असतो आणि आडबाजूला बहुतेक ठिकाणी कोरा असतो. कोरा म्हणजे सोपा नव्हे! आणि ॲपमधला चढाईचा ग्राफ, त्यामागचा डेटा बऱ्याचदा ३० मीटरच्या चौकोनांचा असतो, त्यात पाच मीटरचा कातळटप्पा सहज बुजून जातो. तुम्ही मात्र तिथे सायकल हातात घेऊन उभे असता.

वेळेचं तर कोणी बोलतच नाही. पायी चालणाऱ्यांसाठी नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा ठोकताळा आहे, ताशी साधारण ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्तीचा. ढकलायच्या टप्प्याला मी हाच हिशोब धरतो आणि वर थोडं वाढवतो, कारण तेरा-चौदा किलोचं धूड सोबत असतं. नवीन भागात तर आधी सायकल न घेताच एकदा चालून येतो, मित्र हसतात, हसू देत. वाटेत गुराखी भेटला तर जनावरं पाण्यावर कुठून नेतोस हे विचारतो, सायकल जाईल का हे विचारत नाही, त्याला सायकलचं काय माहीत, पण कुठली वाट चालू आहे ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

तर संपादकसाहेब, विनंती एवढीच की पुढच्या वेळी रूट छापाल तेव्हा लिहिणाऱ्याला चार गोष्टी विचारा, कुठल्या महिन्यात गेलात, कुठल्या बाजूने चढलात (तोच रूट उलटा केला की निम्मा ढकलावा लागतो), सायकल किती वेळ खांद्यावर होती, आणि मध्येच माघार घ्यायची झाली तर गाडीरस्त्याला उतरायला कुठून मिळतं. जागा कमी पडत असेल तर एक फोटो कमी करा.

आपला,
एक सायकलवाला वाचक