जुन्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला सरकारी दाखला हवा : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. जून २०२३ मध्ये मी ठाण्याहून एक वापरलेली इलेक्ट्रिक कार ९ लाखांना घेतली. पहिल्या मालकाने ती नोव्हेंबर २०२० मध्ये १५ लाखांच्या आसपास घेतली होती. आता मुलीच्या कॉलेजची फी भरायची म्हणून गाडी विकायला काढली, तर साडेतीन लाखांच्या वर कुणी सरकायला तयार नाही.

गाडीबद्दल माझी तक्रार नाही. घर ते शाळा जाऊन-येऊन ३८ किलोमीटर, शिवाय तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून रत्नागिरीच्या खेपा, असे मी ४१,००० किलोमीटर चालवले. वीजबिलाच्या हिशोबाने किलोमीटरला पावणेदोन रुपये पडले. पेट्रोलच्या गाडीला साडेसहा पडले असते. म्हणजे तीन वर्षांत दोन लाखांच्या आत-बाहेर वाचले. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही.

पण किनाऱ्यावर ही गाडी ठेवायची म्हणजे काही खर्च असे येतात, जे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. आमचं घर कातळावर आहे. कातळात अर्थिंग नीट लागत नाही आणि अर्थिंग बरोबर नसेल तर चार्जर गाडी चार्ज करायलाच नकार देतो. खड्डा खोल करून, मीठ-कोळसा घालून नव्याने अर्थिंग करून घ्यावं लागलं. पावसात दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवायची सवय लावून घ्यावी लागते. या गाड्यांत वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते, ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे खाऱ्या हवेत ब्रेकच्या चकत्या गंजून बसतात. त्या मी एकदा बदलल्या आहेत. घरगुती मीटरवर गाडी आली की युनिटचा स्लॅबही वर चढतो. हे सगळं धरूनही गाडी परवडते. परवडत नाही ते विकताना. वापरताना वाचलेले दोन लाख एका बाजूला आणि किमतीत गेलेले साडेपाच लाख दुसऱ्या बाजूला.

किंमत का पडते, ते मला चिपळूणहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने एका वाक्यात सांगितलं. गाडी चालवून पाहिली, खूश झाला आणि म्हणाला, "गाडी बेस हाय बाई, पन उद्या बॅटरी ग्येली तं मी कुनाच्या दारात जाव?" बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी आहे, गाडी ६५,००० चालली आहे, दोन वर्षांहून जास्त मुदत शिल्लक आहे, हे मी सांगितलं. त्याने विचारलं, नवी असतानाच्या मानाने बॅटरीची क्षमता आज किती टक्के उरली आहे ते कागदावर दाखवा. माझ्याकडे कागद नव्हता. सर्व्हिस सेंटरमध्ये गेले, त्यांनी यंत्र जोडून आकडा पाहिला, "चांगली आहे" म्हणाले, पण लेखी द्यायला नकार दिला.

मी स्वतः वहीत नोंद ठेवली आहे. ३० किलोवॉट-तासांची, म्हणजे ३० युनिट वीज मावणारी बॅटरी २० टक्क्यांवरून पूर्ण भरायला मीटरवर २५ युनिट लागतात. नवी असताना चार्जिंगमधली गळती धरून २६-२७ लागली असती. म्हणजे बॅटरी नव्वद टक्क्यांच्या वर असावी. पण विकणाऱ्या बाईची वही कोण मानणार? आणि न मानण्यात गिऱ्हाइकाची चूकही नाही.

पेट्रोलच्या गाडीचा कानोसा आमच्याकडचा कुठलाही मेकॅनिक घेतो. धूर, आवाज, किलोमीटर पाहून आयुष्य सांगतो. बॅटरीचं तसं नाही. सारख्याच चाललेल्या दोन गाड्यांतली एक रोज घरच्या प्लगवर हळूहळू चार्ज झालेली असते, दुसरी हायवेवर सतत फास्ट चार्जरला लावलेली किंवा शंभर टक्के भरून महिनोन्‌महिने उन्हात उभी असते. दोघींच्या बॅटऱ्यांत मोठा फरक पडतो आणि बाहेरून तो दिसत नाही. मग बाजार दोघींनाही वाईटाचीच किंमत लावतो.

चिपळूणच्या माणसाने आणखी एक विचारलं होतं, "पान्यात व्हती काय?" २२ जुलै २०२१ चा पूर ज्याने पाहिला, तो हे विचारणारच. बॅटरीची पेटी सीलबंद असते, उघडून पाहता येत नाही, आणि पाण्यामुळे विम्याचा दावा झाला होता का, हे नव्या मालकाला कळण्याची सोय नाही.

महोदय, म्हणून माझी एकच मागणी आहे. जुनी इलेक्ट्रिक गाडी नव्या मालकाच्या नावावर करताना, आरटीओत द्यायच्या फॉर्म २९ आणि ३० बरोबर बॅटरीच्या आरोग्याचा दाखला जोडता यावा. त्यात उरलेली क्षमता, हमी किती शिल्लक आणि ती दुसऱ्या मालकाला लागू आहे की नाही, आणि पाण्याने नुकसान झाल्याची नोंद असावी. शेवटचे दोन मुद्दे फार महत्त्वाचे आहेत. आज काही कंपन्या बॅटरीची आयुष्यभराची हमी जाहिरातीत देतात, पण ती फक्त पहिल्या मालकापुरती असते.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ बदलणं तुमच्या हातात नाही, हे मी जाणते. पण दाखला सुरुवातीला ऐच्छिक ठेवता येईल. राज्याच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात कारसाठी बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला ५,००० रुपये, कमाल दीड लाखापर्यंत प्रोत्साहन होतं, आणि २०२५ च्या धोरणातही सवलती व करमाफी आहे. ज्या कंपन्यांच्या गाड्या या पैशावर खपतात, त्यांनी मालकाने मागितल्यावर बॅटरीचा आकडा सही-शिक्क्यानिशी द्यावा, एवढी अट राज्य नक्की घालू शकतं. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक गाडीच्या प्रत्येक नव्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे बॅटरीची माहिती देणारी डिजिटल नोंद, सक्तीचा होतो आहे.

जीएसटीचा विषय केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेकडे आहे, तरी राज्य तिथे बोलू शकतं म्हणून लिहिते. नव्या इलेक्ट्रिक कारवर ५ टक्के कर आहे. जुनी इलेक्ट्रिक कार व्यापाऱ्याने विकली तर त्याच्या नफ्यावर १२ टक्के होता, तो डिसेंबर २०२४ च्या बैठकीत १८ टक्के करण्याचं ठरलं. व्यापारी तो भार माझ्याच किमतीतून कापतो.

कोकणातल्या शिक्षक, नर्स, ग्रामसेवक अशा माणसांना नवी इलेक्ट्रिक कार झेपत नाही. आम्ही घेऊ ती मुंबई-ठाण्याची वापरलेलीच. ती निर्धास्त घेता आली आणि गरज पडली तर रास्त किमतीला विकता आली, तरच इथले लोक पेट्रोल सोडतील.

दाखल्याची व्यवस्था प्रायोगिक म्हणून एखाद्या जिल्ह्यात सुरू करायची असेल, तर रत्नागिरी निवडा. खारी हवा, मुसळधार पाऊस, घाट, कातळ सगळं इथे एकत्र आहे. तपासणीसाठी गाडी लागेल, तर माझी घेऊन मी कळवाल त्या दिवशी रत्नागिरीच्या कार्यालयात येते. वहीही सोबत आणते.

आपली नम्र,
एक माध्यमिक शिक्षिका
गुहागर तालुका, जि. रत्नागिरी