बाबा, मी खाणीत जाऊन आले

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, मी खाणीत जाऊन आले! तुमची अख्खी नोकरी कोळशाच्या खाणीत जमिनीखाली गेली, पण मला कधी खाली नेलं नाहीत. "बायांना खाली जायची परवानगी नाही, कायदा आहे," एवढं एकच उत्तर. कायदा खराच होता आणि 2019 पर्यंत होता, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं की तुम्ही टाळता. इथे मात्र तिकीट काढलं की कोणीही आत जातं. तुमची नातही गेली, आणि बोगद्यात दहा पावलं टाकल्यावर तिने मोठ्याने विचारलं, "छप्पर कोण तपासतं?" पुढचे चार-पाच लोक थबकून वर बघायला लागले. तुमच्या गोष्टींचा परिणाम.

फोनवर सांगायला गेले की तुम्ही नुसतं "हो, हो" म्हणता आणि मग आईला विचारता काय म्हणाली ते. म्हणून सविस्तर लिहिते. आई, मोठ्याने वाचून दाखव.

जागेचं नाव कॅलिको. लॉस एंजेलिसहून लास व्हेगासकडे जाणारा हायवे मोहावी वाळवंटातून जातो. बार्स्टो गाव मागे पडलं की डाव्या हाताला डोंगर दिसतो आणि त्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत गावाचं नाव. डोंगर म्हणजे आजीची वाकळ: गुलाबी, पिवळट, हिरवट, विटकरी, सगळे तुकडे शेजारी शेजारी. झाड जवळजवळ नाहीच. कमरेएवढी रखरखीत झुडपं आणि खडक. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. चंद्रपूरच्या माणसाला त्याचं काय कौतुक म्हणा, पण आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो आणि पहाटे दात वाजत होते.

1881 मध्ये इथे चांदी सापडली. शोधायला निघालेल्यांना शिधा-सामान पुरवणारा माणूस म्हणजे त्या जिल्ह्याचा शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, जॉन किंग. त्याच्या नावावरून मोठ्या खाणीला सिल्व्हर किंग म्हणायला लागले. 1880 च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात सगळ्यात जास्त चांदी काढणारी खाण तीच. बघता बघता डोंगरात पाचशेच्या आसपास खाणी झाल्या. खाण म्हणजे तुमच्या कॉलरीसारखी नव्हे हो, दोघा-तिघांनी मिळून खणलेलं बीळसुद्धा खाणच. गावाची वस्ती बाराशेपर्यंत गेली. दारूचे गुत्ते बावीस. पोस्ट ऑफिस आलं, चिनी लोकांची वेगळी वस्ती झाली. पाण्याची मात्र कायम मारामार. 1883 मध्ये गाव जळालं, 1887 मध्ये पुन्हा जळालं. मग लोक शहाणे झाले आणि बरीचशी घरं मातीच्या विटांची बांधली.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. इथल्या पोस्टमास्तरकडे डॉर्सी नावाचा कुत्रा होता. डोंगरापलीकडे बिस्मार्क नावाची खाणकामगारांची वस्ती होती. डॉर्सीच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी पिशव्या बांधायचे, त्यात टपाल भरायचे आणि तो एकटा ते पोचवून परत यायचा. काही वर्षं त्याने हे काम नेमाने केलं. नातीने लगेच जाहीर केलं की आपल्याकडे कुत्रा आणायचा आणि तो आजीला पत्रं नेऊन देईल. प्रशांत महासागर पोहून.

आता खाण. तिचं नाव मॅगी, आणि लोकांना आत सोडण्याइतकी सुरक्षित अशी ही एवढीच जुनी खाण इथे आहे. बोगदा हजारेक फूट. बाबा, इथला खडक ज्वालामुखीचा, आपल्या कोळशाच्या थरावरच्या शेलसारखा सोलून पडणारा नाही, त्यामुळे छप्पर बरंचसं आपलं आपणच उभं आहे. मला प्रॉपची, म्हणजे छपराला दिलेल्या टेकूंची, रांगच रांग दिसेल असं वाटलं होतं, तसं नाही. पेट घेणाऱ्या वायूची भीती नाही, म्हणून मेणबत्तीच्या उजेडात काम चालायचं. आतमध्ये एके ठिकाणी बोगदा एकदम फुगतो आणि मोठी पोकळी लागते. भरघोस चांदीचा साठा तिथे होता, तो जसा गेला तसतसं खणत गेले आणि तेवढंच भगदाड उरलं. तुमच्याकडे कुठला भाग खणायचा ते पॅनेल, आधाराला कुठला कोळसा ठेवायचा ते पिलर, सगळं नकाशावर आधी आखलेलं. इथे चांदीची शीर वळेल तसा माणूस वळला. जावई म्हणाले, "हा बोगदा एखाद्या सर्व्हेयरने बघितला तर त्याला रात्री झोप लागणार नाही." मी म्हटलं, अशा एका सर्व्हेयरला मी ओळखते.

पुतळे मात्र ठेवायला नको होते. काच बसवलेल्या कोपऱ्यांत दाढीवाले खाणकामगार, आणि बटण दाबलं की ते बोलतात. वरच्या रस्त्यावरही तसंच: चामड्याच्या टोप्या, मेणबत्त्या, मुरांबे, आणि एक वाकडं घर ज्यात पाणी चढावर वाहतं. नात तिथून हलायला तयार नव्हती, मी मात्र एका बाकावर जाऊन बसले. मूळच्या इमारती फार तर पाच. बाकी सगळं नंतर उभारलेलं.

कोणी उभारलं तेही मजेशीर आहे. वॉल्टर नॉट नावाचा एक शेतकरी होता, लॉस एंजेलिसजवळ बेरीची लागवड करायचा. बायकोने कोंबडीचं जेवण विकायला सुरुवात केली आणि दारात रांगा लागायला लागल्या. रांगेतल्या लोकांचं मन रमावं म्हणून 1940 च्या सुमारास त्याने शेतातच एक खोटं खाणगाव बांधलं. तेच पुढे मोठं करमणुकीचं उद्यान झालं. आणि मग 1951 मध्ये या माणसाने खरं गाव विकत घेतलं! शेरीफ किंग त्याचा मामा की काका (इंग्रजीत कळत नाही), आणि तरुणपणी त्याने स्वतः याच खाणींवर मजुरी केली होती. जुने फोटो पुढे ठेवून त्याने पडलेली घरं पुन्हा उभी केली आणि 1966 मध्ये सगळं गाव सॅन बर्नार्डिनो काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, देऊन टाकलं. इथून बरंच उत्तरेला बोडी नावाचं सोन्याचं गाव आहे, तिथे नेमकं उलटं धोरण आहे: जे जसं मोडकळीला आलंय ते तिथेच थांबवायचं, नवीन काही करायचं नाही. डोक्याला बोडी पटतं. पण सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मी पुन्हा कॅलिकोलाच जाईन.

बाबा, तुमचा प्रश्न मला ठाऊक आहे. माल संपला का? तोच प्रश्न तुम्ही प्रत्येक बंद खाणीबद्दल विचारता, आणि उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं. माल संपला नव्हता. भाव पडला. गाव वसलं तेव्हा चांदी औंसाला डॉलरच्या वर होती, 1894 मध्ये ती 65 सेंटच्याही खाली आली. आणि यात मुंबईचा हात आहे, हे वाचून मी उडालेच. त्या काळी आपल्याकडे कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या नाहीतर कलकत्त्याच्या टांकसाळीत जायचा आणि तिचे रुपये पाडून घ्यायचा. जगातली केवढी तरी चांदी अशी हिंदुस्थानात जिरायची. 26 जून 1893 रोजी सरकारने ती दारं बंद केली. चांदीचा भाव काही दिवसांतच कोसळला. इकडे अमेरिकन सरकार कायद्याने दर महिन्याला 45 लाख औंस चांदी विकत घेत होतं, ती खरेदीही त्याच वर्षी नोव्हेंबरात थांबली. भाव आधीपासूनच उतरत होता, पण या दोन तडाख्यांनंतर कॅलिकोसारख्या जागांना उठायला वावच राहिला नाही. 1898 मध्ये पोस्ट ऑफिस बंद झालं. फोर्टातल्या त्या टांकसाळीवरून आपण किती वेळा गेलो असू! तिथल्या एका हुकुमाने मोहावीतल्या कुण्या मजुराच्या घरची चूल विझली असेल.

मुक्काम गावाखालच्या घळीत होता. दोनशेहून जास्त जागा आहेत तंबू आणि गाड्यांसाठी, शिवाय लाकडी खोल्या. आम्ही हट्टाने तंबूच घेतला. जमीन अशी की खुंटी जाईना, शेवटी दोऱ्या दगडांना बांधल्या. संध्याकाळी दुकानं बंद झाली, दिवसाचे प्रवासी निघून गेले आणि वाऱ्याशिवाय कुणी उरलं नाही. आई, मी निखाऱ्यांवर रोडगे भाजले! गोवऱ्या कुठून आणणार, पाकिटातली लाकडं जाळून विस्तव केला. बाहेरून करपले, आतून जमले, तूप भरपूर ओतलं. वांग्याची भाजी घरून करून नेली होती. शेजारच्या तंबूतलं म्हातारं जोडपं वासावर आलं, त्यांनाही दिले. आजोबा म्हणाले, हे कशात बुडवून खायचं? मी तुपाकडे बोट दाखवलं. रात्री कायोटी ओरडत होते. कोल्हेकुई म्हणून मी नातीला झोपवलं. दूरवर मालगाड्यांचे भोंगे रात्रभर चालू होते, त्यामुळे मला उलट छान झोप लागली. आपल्या क्वार्टरच्या मागेही रात्रभर वॅगन खडखडायच्या ना.

सकाळी पायथ्याच्या स्मशानात जाऊन आले. जमीन खणायला कठीण, म्हणून प्रेतावर दगडांची रास रचलेली. बऱ्याच राशींवर नावच नाही. फार वेळ थांबले नाही.

पण एका घरासमोर थांबले. लूसी लेन नावाच्या बाईचं घर, आता त्याचं संग्रहालय केलंय. 1884 मध्ये लहानपणी ती इथे आली, इथेच वाढली, लग्न झालं. चांदीचा भाव बसल्यावर नवरा-बायको गाव सोडून गेले. आणि 1916 मध्ये परत आले, गावात जवळजवळ कोणी नसताना! नवरा गेल्यावरही ती इथेच राहिली, नव्वदीपर्यंत. म्हणजे नॉटने गाव विकत घेतलं, सुतार आले, रंग लागले, तिकीटं सुरू झाली, तेव्हा ही बाई आपल्या घरात होती. घरात साधंच सामान आहे. शेगडी, खुर्च्या, फोटो.

बाबा, हे वाचून तुम्ही लगेच दादाला फोन लावाल आणि सांगाल की बघ, बेबीसुद्धा म्हणते आम्ही हे घर सोडून कुठे जायचं नाही. तसं मी म्हणत नाहीये. लूसीबाईला गुडघ्याचं दुखणं होतं की नाही, दवाखाना किती लांब होता, त्या पाटीवर लिहिलेलं नाही. कॉलनीतली अर्धी घरं कुलूपबंद आहेत, कुळकर्णीकाकूही नागपूरला गेल्या, रात्री आईला काही झालं तर गाडी कोण काढणार, हे माझे प्रश्न जिथल्या तिथे आहेत. पण "तिथे आता ठेवलंय काय?" हे वाक्य मी आणि दादा फार सहज बोलतो, ते मी आता बोलणार नाही. दादा पुढच्या महिन्यात फ्लॅट दाखवायला नेईल तेव्हा जाऊन या. बघायला काय जातं? नाही आवडला तर नाही म्हणा, आणि का नाही ते नीट सांगा, नुसतं गप्प बसू नका. आवडला नाही तर तुमच्या आत्ताच्या घराला जिन्याचा कठडा, बाथरूममध्ये धरायला दांडे आणि रात्रीला एक माणूस, एवढं मी लावून घेणार. त्याला नाही म्हणायचं नाही.

फोटो छापून सोबत पाठवते आहे. मॅगीच्या आतल्या फोटोत डाव्या भिंतीवर एक तिरकी लाकडी घसरण दिसेल. वरच्या पातळीवरचा माल खाली गाडीत सोडायला असावी, असा माझा अंदाज. जावई म्हणतात ती हवेसाठी आहे. आमची पैज लागली आहे. भिंग घेऊन बघा आणि लवकर कळवा.

तुमची,
बेबी